सात घरं, एक पाइप

गेले तीन-चार महिने या पानावर काही लिहिणं झालं नाही. "काय, संपलं का लिहून?" अशी एक-दोन पत्रंही आली. संपलं वगैरे काही नाही हो, घराचं काम काढलं होतं. घराचं काम काढलेल्या माणसाकडून जगाला फक्त दोनच गोष्टी हव्या असतात, पैसे आणि चहा. आता कामगार गेले, धूळ बसली, आणि पुन्हा शनिवार सकाळ आपली झाली. म्हटलं, एवढे दिवस ज्या विषयाने डोकं खाल्लं त्यावरच लिहावं. विषय आहे गटार. नाश्ता करत वाचत असाल तर आधी नाश्ता उरका :-)

तर झालं असं. आम्ही राहतो रेडिंगला. लंडनच्या पश्चिमेला, ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर, आयटीवाल्यांचं गाव. २०१९ मध्ये घर घेतलं ते लाल विटांचं, सात घरांच्या रांगेतलं, दोन्ही अंगांना भिंतीला भिंत लागून शेजार. मधल्या घराच्या दर्शनी भिंतीवर दगडात साल कोरलंय, १८९६. इथे याला टेरेस्ड हाउस म्हणतात. टेरेस म्हणजे गच्ची नव्हे. आपली चाळ उभी चिरून प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा जिना आणि मागे हातरुमालाएवढी बाग दिली तर जे होईल, ते.

या घराच्या मागे एक चिंचोळं स्वयंपाकघर होतं. १९८० च्या दशकात कुणातरी आधीच्या मालकाने वाढवलेलं. दोन माणसं एका वेळी आत गेली तर एकाने श्वास धरावा लागायचा. ते पाडून, मूळ भिंतीपासून तीन मीटर बाहेर नवीन ऐसपैस स्वयंपाकघर बांधायचं ठरलं. बिल्डर मिळाला तो मूळचा लुधियानाचा. "भाईसाब, छह हफ्ते." मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे सहा आठवडे म्हणजे किती हे मला नीट ठाऊक होतं.

तिसऱ्याच दिवशी, पायाचा चर खणताना, कुदळ कशावर तरी वाजली. जुन्या स्वयंपाकघराच्या पायाचं काँक्रीट फोडलं होतं आणि त्याच्या बरोब्बर खाली, जमिनीखाली साधारण पाऊण मीटरवर, चॉकलेटी रंगाचा चकचकीत पाइप होता. काँक्रीट त्या पाइपच्या डोक्यावरच बसवलेलं. पाइपला वरून एक लांबलचक तडा गेलेला, आणि भोवतालची माती काळी, ओली. वासाचं वर्णन करत नाही.

आम्ही खड्ड्याभोवती उभे राहून तो पाइप बघत होतो. पाणी बंद होतं, घरात कोणी नव्हतं. आणि अचानक पाइपमधून खळखळ आवाज करत पाणी गेलं.

बिल्डर म्हणाला, "ये आपका नहीं है भाईसाब. ऊपरवालों का है." ऊपरवाला म्हणजे परमेश्वर नव्हे, रांगेत आमच्या वरच्या अंगाला असलेली चार घरं. त्यांचं सगळं पाणी आमच्या स्वयंपाकघराखालून जात होतं. मग त्याने दोन पर्याय सांगितले. एक, तडा बुजवून त्यावर काँक्रीट ओतायचं, "किसी को पता नहीं चलेगा". दोन, पाणी कंपनीला कळवायचं, कॅमेरा घालून तपासणी, नकाशे, परवानगी, आणि मग काम. पहिल्याला एक दुपार लागणार होती, दुसऱ्याला काही आठवडे आणि काही हजार पौंड.

खरं सांगतो, मी पहिल्या पर्यायाकडे झुकलो होतो. संध्याकाळी बायको म्हणाली, "अरे, चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी हेच म्हणालं असेल ना?"

मग मी गप्प बसलो आणि वाचायला लागलो.

*

माझा पहिला प्रश्न साधा होता. घरासमोर एवढा सरळ रस्ता आहे, त्याखाली मोठं गटार आहे. मग सात घरांचा पाइप घरामागच्या अंगणांतून, या घरातून त्या घरात, असा का गेलाय? प्रत्येकाने आपापला पाइप समोरच्या रस्त्यात का नाही नेला?

याचं उत्तर एका माणसापाशी जातं. एडविन चॅडविक. व्यवसायाने वकील, स्वभावाने तापट, आणि काटकसरीचं वेड असलेला सरकारी अधिकारी. १८४२ मध्ये त्याने इंग्लंडमधल्या कष्टकरी वस्त्यांच्या आरोग्यस्थितीचा प्रसिद्ध अहवाल लिहिला. त्या काळात बहुतेक घरांचा मैला घराखालच्या किंवा अंगणातल्या शोषखड्ड्यात साठायचा आणि रात्री माणसं येऊन तो उपसून न्यायची. लंडनमध्ये तर १८१५ पर्यंत घरातला मैला गटारात सोडायला मनाई होती! गटारं होती ती पावसाच्या पाण्यासाठी. चॅडविकचं म्हणणं असं की मैला साठवायचाच नाही, पाण्याबरोबर ताबडतोब वाहून न्यायचा.

इथपर्यंत सगळ्यांना मान्य होतं. भांडण झालं ते कसं वाहून न्यायचा यावरून. जुन्या पठडीतले इंजिनीयर विटांची मोठी, माणूस आत शिरेल एवढी गटारं बांधत. चॅडविक म्हणायचा, एवढ्या मोठ्या नळात पाणी पसरतं, संथ होतं आणि गाळ बसतो. त्यापेक्षा भाजलेल्या मातीचे, आतून गुळगुळीत झिलई असलेले बारीक पाइप वापरा. पाणी जोरात जाईल, पाइप स्वतःच स्वतःला धुवेल. असे पाइप बनवण्याचा कारखाना हेन्री डोल्टनने १८४६ मध्ये लंडनच्या लॅम्बेथमध्ये काढला होता. भट्टी तापली की आत मीठ टाकायचं, त्याच्या वाफेने मातीवर काचेसारखा चॉकलेटी थर चढतो. माझ्या खड्ड्यात चमकत होता तो हाच थर.

आणि चॅडविकची दुसरी कल्पना म्हणजे पिछाडीचा नळ. घराचा संडास आणि मोरी असते मागे. तिथलं पाणी समोरच्या रस्त्यात न्यायचं तर प्रत्येक घराच्या जमिनीखालून आरपार एक पाइप टाकावा लागणार. सात घरांना सात लांब पाइप. त्याऐवजी मागच्या अंगणांतून एकच पाइप आडवा टाका, सातही घरं त्याला जोडा आणि शेवटच्या घराच्या बाजूने तो रस्त्यात काढा. पाइप कमी, खोदाई कमी, खर्च कमी. १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने जे मध्यवर्ती आरोग्य मंडळ स्थापन झालं त्याने हीच पद्धत गावोगाव शिफारस केली.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा शेअर्ड रिसोर्स. स्वस्त, सुटसुटीत, आणि जोवर सगळे नीट वागतायत तोवर उत्तम. पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे, की सातातला एकही माणूस त्या पाइपवर काही बांधणार नाही. आणि माणूस म्हटला की तो मागच्या अंगणात काहीतरी बांधणारच. तेव्हा कोळशाची खोली, आता स्वयंपाकघर.

चॅडविकच्या पाइपांना पहिला मोठा दणका बसला क्रॉयडनमध्ये. नव्या कायद्याखाली अगदी सुरुवातीला बारीक पाइपांची व्यवस्था उभारणाऱ्या गावांपैकी हे एक. कौतुकाने काम पूर्ण झालं आणि १८५२-५३ मध्ये गावात तापाची जबरदस्त साथ आली. सरकारने चौकशी नेमली. पाइप ठिकठिकाणी तुंबलेले आणि फुटलेले निघाले. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं आणि १८५४ मध्ये चॅडविकला जावं लागलं. पण गंमत अशी की कल्पना टिकली. पाइप सुधारले, ते टाकायची पद्धत सुधारली, आणि पुढची पन्नास वर्षं घरं बांधणाऱ्या ठेकेदारांना पिछाडीचा नळ स्वस्त पडतो म्हणून आवडत राहिला. आमची रांग त्यातलीच.

*

चॅडविक गेला त्याच वर्षीची दुसरी एक गोष्ट. ही बहुतेकांना अर्धी माहीत असते.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने थैमान घातलं. सहाशेच्या वर माणसं मेली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंचा नकाशा काढून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवलं आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. इथपर्यंतची गोष्ट डेटा व्हिज्युअलायझेशनच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात. पण विहिरीचं पाणी बिघडलं कसं, हे पुढे तिथल्या हेन्री व्हाइटहेड या तरुण पाद्र्याने शोधून काढलं. पंपाशेजारच्या ४० नंबरच्या घरात एक पाच महिन्यांची मुलगी जुलाबाने आजारी होती. तिची आई दुपट्यांचं पाणी घराच्या शोषखड्ड्यात ओतायची. १८५५ मध्ये तिथे खणलं तेव्हा दिसलं की खड्ड्याच्या विटा सुटल्या आहेत, आणि खड्डा आणि विहीर यांच्यात जेमतेम तीन फूट माती आहे. तीही पाझरून ओली.

हे वाचताना मला आमच्या खड्ड्यातली काळी माती आठवत होती. आता आमच्या गावात कोणी विहिरीचं पाणी पीत नाही, तेव्हा कॉलरा वगैरे काही होणार नव्हता. पण एक गोष्ट तीच होती. जमिनीखालची फट कोणालाच दिसत नाही, आणि तिची किंमत ती फट पाडणाऱ्याला नव्हे, भलत्यालाच मोजावी लागते.

१८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला असा काही वास सुटला की पार्लमेंटच्या खिडक्यांना चुन्यात भिजवलेले पडदे लावायची वेळ आली. मग जोसेफ बॅझलजेटच्या योजनेला पैसे मिळाले आणि लंडनखाली ८२ मैल लांबीची मुख्य गटारं उभी राहिली. त्याच्यावर भरपूर लिहून झालंय, म्हणून इथे थांबतो. आपला विषय छोटा पाइप.

*

छोट्या पाइपचा कायदा मात्र वाचण्यासारखा आहे. (वकील मंडळी, चूकभूल द्यावी घ्यावी.)

१८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने एक व्याख्या केली. एकाच घराचं पाणी वाहून नेतो तो 'ड्रेन'. दुसऱ्या घराचं पाणी त्याला मिळालं की तो झाला 'स्यूअर'. ड्रेन मालकाचा, स्यूअर स्थानिक प्राधिकरणाचा. म्हणजे आमच्या रांगेतल्या सातव्या घराचा पाइप ड्रेन, आणि सहाव्या घराचं पाणी मिळाल्यावर तोच पाइप स्यूअर! आणि याच कायद्यात एक कलम होतं. नगर प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या स्यूअरवर नवीन इमारत बांधली तर पाच पौंड दंड, वर बांधकाम उभं असेल तितके दिवस रोजचे चाळीस शिलिंग.

म्हणजे गटारावर पाया घालू नये ही अक्कल १८७५ मध्येच कायद्यात आली होती. मग लोक बांधत कसे राहिले? कारण पाइप कुठे आहे हेच लिहून ठेवलेलं नव्हतं. मग १९३६ चा कायदा आला. तो १ ऑक्टोबर १९३७ ला लागू झाला. त्या तारखेच्या आधीचे बहुतेक सामाईक पाइप सार्वजनिक ठरले, आणि गटारावर बांधायला परवानगी हवी हे पुन्हा सांगितलं गेलं. पण आता शब्द असे होते की नकाशावर दाखवलेल्या गटारावर. आणि मागच्या अंगणांतले हे जुने नळ अनेक ठिकाणी नकाशात नव्हतेच. १९३७ नंतर टाकलेले सामाईक पाइप तर खाजगीच राहिले. शेवटी १ ऑक्टोबर २०११ ला इंग्लंड आणि वेल्समधले असे खाजगी सामाईक पाइपही एका फटक्यात पाणी कंपन्यांकडे वर्ग झाले. नकाशे मात्र त्यांच्याबरोबर आले नाहीत. कागदोपत्री मालक बदलला, डॉक्युमेंटेशन शून्य. आपल्या धंद्यातल्यांना हे वाक्य फोडून सांगायला नको.

तेव्हा नकाशात नाही म्हणजे जमिनीत नाही, असं नाही.

आणि हा प्रकार फक्त इंग्रजांचा नाही. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की गॉल लोकांनी इसवी सनापूर्वी ३९० च्या सुमारास रोम जाळलं, त्यानंतर लोकांनी इतक्या घाईने, जागा मिळेल तिथे घरं बांधली की पूर्वी सार्वजनिक जागेखालून जाणारी गटारं आता जिकडेतिकडे खाजगी घरांखालून जातात. लिव्हीने हे लिहिलं त्याला दोन हजार वर्षं झाली. त्याहून आधीच्या मोहेंजोदडोत मात्र घराचं पाणी भिंतीतून बाहेर पडून रस्त्यातल्या, वरून विटांनी झाकलेल्या गटारात जायचं. वीट उचला, साफ करा, परत ठेवा. बाकी काही म्हणा, त्या लोकांना मेन्टेनन्स कळत होता.

*

आता शेजारच्या आजींबद्दल सांगायला हवं.

वरच्या अंगाला आमच्या लगतच्या घरात एक आजी राहतात, वय ८१. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी सांगितलं होतं की त्यांच्या मागच्या अंगणातलं चेंबर दर थंडीत तुंबतं. त्यांच्याकडे गटार साफ करायच्या सळयांचा संच आहे, नवऱ्याने ठेवलेला, नीट तेल लावून. त्यांच्या मागच्या भिंतीला एक तडाही होता. तपासायला आलेल्या माणसाने मागच्या प्लमच्या झाडाकडे बोट दाखवलं होतं. मुळं पाइपात शिरतात, माती शोषून घेतात, वगैरे. चूक नव्हतं ते, असं होतं खरंच. १९७६ च्या दुष्काळात इथल्या चिकणमातीवरची कितीतरी घरं अशीच खचली होती. तर आजींनी ते झाड तोडून टाकलं. नवऱ्याने लावलेलं.

आम्ही पाणी कंपनीला कळवलं. कॅमेरा पाइपात गेला. पडद्यावर स्वच्छ दिसलं, आजींच्या हद्दीत पाइप ठीक, आमच्या हद्दीत शिरल्यावर दोन मीटरवर दबलेला. वरून बसलेल्या पायाने पाइप चेपला होता. तिथे कागद आणि चरबी अडकायची आणि पाणी मागे आजींच्या चेंबरमध्ये चढायचं. तड्यातून झिरपणारं पाणी दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीखालची माती हळूहळू धुऊन नेत होतं. मुळं कुठेच नव्हती.

आजींना हे सांगायला मी आणि बायको दोघं गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, ते सगळं विसरलो. त्यांनी ऐकून घेतलं. थोडा वेळ बाहेर त्या बुंध्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तशी त्याची फळं आंबटच होती. आणि चहा करायला उठल्या.

चूक आमची नव्हती. पण पाया आमच्या घराचा होता. आणि दोन आठवड्यांपूर्वी मी तीच चूक पुन्हा काँक्रीटमध्ये पक्की करायच्या बेतात होतो.

*

मग काय केलं, ते थोडक्यात. कुणाला उपयोगी पडलं तर पडो.

पायाखालचं वजन सरळ खाली जात नाही, ते उताराने दोन्ही बाजूंना पसरतं. अंदाजे ४५ अंश धरतात. म्हणून पाइपशेजारी उथळ पाया घातला तर त्याचा भार तिरका जाऊन पाइपवरच बसतो. उपाय असा, की पाइपलगतचा पाया पाइपच्या तळाच्याही खाली न्यायचा. मग भार पाइपखालच्या मातीवर जातो. इथल्या नियमावलीतही हेच उलट बाजूने सांगितलंय. पायापासून एक मीटरच्या आत पाइपचा चर खणलात तर पायाच्या तळापर्यंत चर काँक्रीटने भरा.

जिथे पाइप भिंतीखालून आरपार जातो तिथे भिंत पाइपवर टेकवायची नाही. पाइपच्या दोन्ही बाजूंना पाया घ्यायचा, वर लिंटल टाकायचं, आणि पाइपभोवती सगळीकडून किमान ५० मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची. माती आणि उंदीर आत येऊ नयेत म्हणून दोन्ही तोंडांना कडक पत्रा लावायचा. भिंत खचली तरी पाइपला स्पर्श होत नाही. दुसरी पद्धत म्हणजे पाइपचा छोटा तुकडा भिंतीत बसवायचा आणि दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त ६०० मिलिमीटर लांबीचे, लवचीक जोडाचे तुकडे द्यायचे. भिंत थोडी हलली की हे तुकडे बिजागरीसारखे फिरतात. १८९६ च्या पाइपचे जोड सिमेंटने कडक केलेले होते. कडक जोड हलत नाही, तो फुटतो.

जमिनीखालच्या भागात पाइपभोवती किमान १०० मिलिमीटर बारीक खडी. आणि चेंबर घराच्या आत नको, ते बाहेर मोकळ्यावर काढायचं, म्हणजे कधीही झाकण उघडता येईल.

जुना पाइप न उकरता आतून अस्तर लावायचीही पद्धत आहे. १९७१ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात एरिक वुड नावाच्या इंजिनीयरने ती पहिल्यांदा वापरली. राळेत भिजवलेली लांब पिशवी पाइपात घालून आतल्या आत कडक करायची, पाइपमध्ये पाइप. आमचा पाइप दबलेला होता, म्हणून स्वयंपाकघराखालचा तुकडा बदलावाच लागला. वरच्या अंगाच्या चारही घरांना दारोदार जाऊन सांगितलं, मंगळवारी नऊ ते चार फ्लश जपून वापरा. एरवी 'हॅलो'च्या पलीकडे न गेलेले शेजारी त्या दिवशी खड्ड्याभोवती चहाचे कप घेऊन उभे होते.

सहा आठवड्यांचे सोळा झाले. पैशांचा आकडा सांगत नाही, बाबा हे पान वाचतात.

*

बाबांनाच फोनवर हे सगळं सांगत होतो. मला वाटलं, म्हणतील "पैसे फार गेले". ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्या वाड्याच्या वेळी असंच झालं होतं रे."

आमचा वाडा पुण्यात, सदाशिव पेठेत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालून दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं. नुसत्या उतारावर, पंप नाही की काही नाही. वाटेत पेठांमध्ये हौद, आणि नळातली हवा मोकळी व्हावी म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास. आमच्या वाड्यातल्या हौदाला हे पाणी यायचं असं आजी सांगायची.

वाडा पाडून अपार्टमेंट झालं १९९० च्या दशकात. मी तेव्हा शाळेत होतो, मला फक्त धूळ आठवते. बाबांना आठवतं ते असं, की पाया खणताना एका कोपऱ्यात दगडी बांधकामाचा नळ लागला. आत ओणवा माणूस जाईल एवढा. सगळी बिऱ्हाडं बघायला जमली. मुकादम म्हणाला, सरकारला कळवलं तर काम वर्षभर अडकेल. आणि सगळे आधीच भाड्याच्या घरांत दिवस काढत होते. दुसऱ्या दिवशी तिथे काँक्रीट ओतलेलं होतं.

"कोणी काही बोललं नाही?" मी विचारलं.

"मी पण नाही बोललो," बाबा म्हणाले.

मी त्यांना दोष देत नाही. दोन वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत सहा माणसं म्हणजे काय ते मला माहीत आहे, मी त्यातला एक होतो. पण पाणी कोणाचंच ऐकत नाही. कात्रजच्या तलावाचं जास्तीचं पाणी ज्या आंबिल ओढ्यात येतं, तो ओढाही पेशवाईत वळवलेला. त्याच्या काठांवर आणि पात्रात आपण सगळ्यांनी मिळून कायकाय बांधलं, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्या पाण्याने जागा परत मागितली. पुणे आणि परिसरात त्या पुरात वीसहून जास्त माणसं गेली. आमचा बुजवलेला नळ आणि तो पूर यांचा थेट संबंध मी लावत नाही, तो लावता येणारही नाही. पण "किसी को पता नहीं चलेगा" हे वाक्य दोन्हीकडे तेच आहे. कळतं. फक्त भलत्या माणसाला, भलत्या वर्षी.

असो. स्वयंपाकघर छान झालंय. मागच्या अंगणात, दारातून चार पावलांवर, चेंबरचं लोखंडी झाकण आहे. त्यावर कुंडी ठेवायची नाही असा घरात नियम आहे. सात घरांच्या पाइपचा नकाशा मी मापांसकट काढला. एक प्रत पाणी कंपनीला दिली, एकेक सहाही शेजाऱ्यांना, आणि एक प्लास्टिकमध्ये घालून विजेच्या मीटरच्या कपाटात आतून चिकटवली आहे. पुढे कधीतरी हे घर घेणाऱ्या आणि खणायला निघणाऱ्या अनोळखी माणसासाठी.

आजींच्या चेंबरला या हिवाळ्यात पहिल्यांदाच काही झालं नाही. सळयांचा संच त्यांनी मला देऊन टाकला. तेल लावून ठेवलाय. आणि पानगळीत त्यांच्या अंगणात, पाइपपासून व्यवस्थित लांब, एक प्लमचं रोप लावायचं ठरलंय.